'गिव्ह मी' चालतं, 'एक्स्प्लेन मी' का नाही? : दोन कर्मांची हजार वर्षं

'गिव्ह मी द फाइल' चालतं. 'सेंड मी द फाइल' चालतं. 'शो मी द फाइल' पण चालतं. मग 'एक्स्प्लेन मी द फाइल' का चालत नाही?

हा प्रश्न शाळेत ज्यांनी कुणी विचारला असेल, त्यांना बहुतेक एकच उत्तर मिळालं असणार: "चालत नाही म्हणजे नाही. पाठ करा." आमच्या धंद्यात अशा गोष्टीला लेगसी कोड म्हणतात. कुणी लिहिला ठाऊक नाही, का लिहिला ठाऊक नाही, कॉमेंट एक नाही, पण हात लावला तर सगळं कोसळेल म्हणून कुणी हात लावत नाही. अशा कोडकडे बघायची एकच शहाणी पद्धत असते, ती म्हणजे जुन्या आवृत्त्या उघडायच्या आणि कधी काय बदललं ते बघायचं. इंग्रजीच्या सुदैवानं तिच्या जुन्या आवृत्त्या शिल्लक आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वीपर्यंतच्या. तर ह्या वीकांताला तेच करू.

आधी थोडी उजळणी. 'गुरुजी मुलांना व्याकरण शिकवतात' हे आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. काय शिकवतात? व्याकरण. ते प्रत्यक्ष कर्म. कोणाला शिकवतात? मुलांना. ते अप्रत्यक्ष कर्म. अशी दोन्ही कर्मं घेणारं क्रियापद ते द्विकर्मक. देणं, सांगणं, दाखवणं, विकणं, पाठवणं ही सगळी त्यातली मंडळी. देवघेव जिथे आहे तिथे तीन पात्रं येणारच: देणारा, घेणारा आणि ती वस्तू. प्रश्न एवढाच, की ऐकणाऱ्याला कळणार कसं की ह्यातला कोण कुठला?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इसवी सन ११०० च्या आधीच्या, हे कळायचं शब्दांच्या शेपटांवरून. अगदी संस्कृतसारखं किंवा आपल्या मराठीसारखं. राजाला त्या भाषेत 'क्यूनिंग' म्हणत. राजा कर्ता असेल तर 'से क्यूनिंग'. राजाला पाहिलं, पकडलं, मारलं, तर 'थोने क्यूनिंग'. राजाला काही दिलं, तर 'थाम क्यूनिंगे'. राजाचं काही असेल तर 'थॅस क्यूनिंगेस'. ह्या शेवटच्यातलं ते 'एस' आजही 'किंग्ज'मध्ये जिवंत आहे, वर अपॉस्ट्रॉफीची टोपी घालून. बाकीची शेपटं गेली.

म्हणजे त्या काळी 'थाम क्यूनिंगे' असं म्हटलं की विषय संपला. वाक्यात राजा आधी येवो की घोडा आधी येवो, घोडा राजाला मिळाला हे नक्की. त्या काळच्या लिखाणात दोन्ही क्रम सर्रास सापडतात. प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी सांगायचं तर हे नेम्ड पॅरामीटर्स होते. प्रत्येक आर्ग्युमेंटच्या गळ्यात त्याच्या नावाची पाटी, मग कुठल्या क्रमानं पाठवलंत ह्यानं काही फरक पडत नाही.

आणि आपल्याकडे हीच सोय अजून आहे. 'मी राजाला घोडा दिला', 'घोडा मी राजाला दिला', 'राजाला दिला मी घोडा'... जोर बदलतो, अर्थ बदलत नाही. 'ला' ही पाटी आहे तोवर चिंता नाही.

मग ह्या पाट्या गेल्या कुठे?

आपला सगळ्यांचा आवडता खुलासा असा, की १०६६ साली नॉर्मन लोक आले, त्यांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच आणली आणि इंग्रजीची वाट लावली. पटकन पटणारा खुलासा आहे. पण जुन्या आवृत्त्या पाहिल्या तर तारखा जुळत नाहीत. लिंडिसफार्न नावाच्या ईशान्य इंग्लंडातल्या बेटावर लॅटिन बायबलच्या शुभवर्तमानांची एक अतिशय देखणी हस्तलिखित प्रत तयार झाली होती. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या एका धर्मगुरूनं त्या लॅटिन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहून ठेवला. (म्हणजे आपण पाठ्यपुस्तकात शब्दांवर पेन्सिलीनं अर्थ लिहायचो तसंच, फक्त हे पुस्तक अनमोल होतं.) आल्ड्रेडच्या त्या इंग्रजीत शेपटांची सरमिसळ आधीच सुरू झालेली दिसते. नॉर्मन यायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी!

कारणं दोन दिसतात. एक घरातलं, एक दारातलं. घरातलं असं, की इंग्रजी आणि तिच्या सगळ्या जर्मानिक बहिणी शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर देतात. पहिल्यावर जोर म्हणजे शेवट पुटपुटला जाणार. 'आ', 'उ', 'ए', 'अन', 'उम' अशी वेगवेगळी शेपटं बोलताबोलता एकाच अस्पष्ट 'अ'मध्ये विरघळली. दारातलं कारण म्हणजे व्हायकिंग. ७९३ साली त्यांनी ह्याच लिंडिसफार्नवर धाड घातली, आणि पुढच्या शतकात उत्तर-पूर्व इंग्लंडात शेतीवाडी करून राहिलेही. त्यांची नॉर्स भाषा आणि इंग्रजी ह्या जवळच्या बहिणी. शब्दांची मुळं पुष्कळदा सारखी, शेपटं वेगळी. शेजारच्या व्हायकिंगाशी गायीचा सौदा करायचा तर मूळ शब्दावर भागतं आणि शेपटं नुसती घोळ घालतात. बेळगाव-सोलापूरच्या बाजारात दोन भाषांच्या सीमेवर व्याकरणाचं काय होतं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. शेपटं आधी उत्तरेत झडली आणि मग दक्षिणेकडे, ह्याचं एक कारण हे मानतात.

नॉर्मनांनी केलं ते वेगळंच. त्यांनी लिहिण्याची जुनी शिस्त मोडली. तोवर मठांमध्ये दक्षिणेकडच्या प्रमाण इंग्रजीत लिहायची पद्धत होती. लोक बोलताना काहीही म्हणोत, लिहिणारा जुनी शेपटं इमानानं लिहायचा. पीटरबरोच्या मठाची गोष्ट ह्याबाबत बोलकी आहे. १११६ साली त्या मठाला आग लागली. मग भिक्षूंनी दुसरीकडून जुनी बखर मागवून १२२१ नव्हे, ११२१ च्या सुमारास (एका आकड्यानं शंभर वर्षं इकडची तिकडे होतात, म्हणून मुद्दाम सांगतो) तिची नक्कल केली. नक्कल केलेला भाग जुन्या वळणाचा आहे. पण पुढची वर्षं त्यांनी स्वतःच्या भाषेत लिहिली, थेट ११५४ पर्यंत. आणि त्या स्वतःच्या भाषेत शेपटं बव्हंशी गायब! एकाच वहीत जुनं बिल्ड आणि नवं बिल्ड शेजारीशेजारी. इतका स्वच्छ डिफ इतिहासात सहसा मिळत नाही.

*

आता पाट्या गेल्या. 'द किंग' आणि 'द हॉर्स'. कोणाला काय दिलं हे ओळखायचं कसं? इंग्रजीनं दोन उपाय काढले, आणि गंमत म्हणजे दोन्ही ठेवले.

पहिला उपाय: जागा ठरवून टाकायची. आधी घेणारा, मग वस्तू. 'गेव्ह द किंग द हॉर्स'. म्हणजे नेम्ड पॅरामीटर्स गेले, पोझिशनल आले.

दुसरा उपाय: नवी पाटी. 'टु' हा शब्द जुन्या इंग्रजीतही होता, पण मुख्यतः दिशेसाठी: गावाकडे जाणं, एखाद्याकडे पाठवणं, एखाद्याशी बोलणं. 'देणं'सारख्या क्रियापदांबरोबर तो क्वचितच यायचा. बाराव्या-तेराव्या शतकापासून तो तिथेही पाय पसरू लागला. 'गेव्ह द हॉर्स टु द किंग'. शेजारी फ्रेंच बोलणारे सरदार 'आ' हा शब्द नेमका असाच वापरत होते, त्याचाही हातभार लागला असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

इथे आपल्या मराठीकडे एक नजर टाकायलाच हवी, कारण हाच अपघात आपल्याही घराण्यात घडलेला आहे. संस्कृतात देण्यासाठी स्वतंत्र चतुर्थी होती. पाणिनीनं तर घेणाऱ्यासाठी 'संप्रदान' असा वेगळा कारकच मानला. प्राकृतात येईस्तोवर ती चतुर्थी जवळजवळ मोडीत निघाली आणि तिचं काम षष्ठी करू लागली. 'रामास' मधला 'स' हा संस्कृतच्या 'रामस्य' मधल्या 'स्य'चा वंशज मानला जातो, म्हणजे 'रामाचं' असणारं शेपूट 'रामाला' झालं. पुढे 'ला' आला. म्हणजे जुन्या पाट्या इंग्रजांच्याही गेल्या आणि आपल्याही. त्यांनी जागा ठरवल्या आणि शब्दाआधी 'टु' लावला, आपण शब्दामागे नव्या पाट्या चिकटवल्या. शाळेत आपण 'द्वितीया: स, ला, ते; चतुर्थी: स, ला, ते' असं घोकायचो आणि दोन्ही विभक्त्या सारख्याच कशा असा प्रश्न डोक्यात यायचा. त्याचं उत्तर ह्या पडझडीत आहे.

इंग्रजीत अशीच एक सरमिसळ सर्वनामांत झाली आणि तिची खूण आजही रोज आपल्या तोंडी असते. 'त्याला पाहिलं' ह्यासाठी जुन्या इंग्रजीत 'हिने' होतं आणि 'त्याला दिलं' ह्यासाठी 'हिम'. दोघांच्या मारामारीत 'हिम' जिंकलं, 'हिने' नामशेष झालं. 'हर', 'देम' आणि 'हूम' ही रूपंसुद्धा मुळात चतुर्थीचीच. ह्यातलं 'देम' तर नॉर्स लोकांकडून उसनं घेतलेलं. म्हणजे इंग्रजीतली चतुर्थी मेली असं आपण म्हणतो खरं, पण सर्वनामांत तिनंच द्वितीयेला गिळलं.

आणि हे 'गिव्ह' तरी कुठे त्यांचं स्वतःचं! जुन्या इंग्रजीत हा शब्द 'य'नं सुरू होणारा होता, साधारण 'यिएव्हन' असा. चौदाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये लिहिणारा चॉसरही 'य'वालंच रूप वापरतो. आजचा 'ग' उत्तरेकडून, नॉर्सच्या प्रभावातून आला असं मानलं जातं. आणि 'सेल'? त्याचा जुना अर्थ चक्क 'देणं' असा होता. विकणं हा अर्थ नंतर आला. बदलत्या अर्थव्यवस्थेवर ह्याहून चांगली टिप्पणी कुणी काय करणार :)

चतुर्थीची अजून एक आठवण म्हणजे 'मीथिंक्स' हा जुनाट शब्द. आपण तो 'आय थिंक'चा विनोदी अवतार समजतो. पण त्यातला 'थिंक' म्हणजे विचार करणं नव्हे. ते 'वाटणं', 'भासणं' अशा अर्थाचं निराळं क्रियापद होतं. म्हणजे 'मीथिंक्स' हे शब्दशः 'मला वाटतं'! तसंच 'लाइक'चं. आज 'द किंग लाइक्स पेअर्स' मध्ये राजा कर्ता आहे. जुन्या इंग्रजीत पेअर्स कर्ता आणि राजा चतुर्थीत असायचा, आणि क्रियापद पेअर्सप्रमाणे अनेकवचनी व्हायचं. 'राजाला पेर आवडले.' अगदी तसंच. इंग्रजी शिकताना 'मला आवडतं' चं 'आय लाइक' करताना जी कोलांटी आपण मारतो, ती कोलांटी इंग्रजीनं स्वतः काही शतकं घेऊन मारलेली आहे.

ही सरमिसळ सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत विनोदाचा विषय झाली होती. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' ह्या नाटकात एक धनी नोकराला दार ठोठवायला सांगतो आणि वाक्यात 'मी' घालतो. त्याचा अर्थ 'माझ्यासाठी दार ठोक'. नोकर मुद्दाम अर्थ घेतो 'मला ठोक', आणि धन्याला मारायची माझी काय टाप म्हणून हुज्जत घालतो. ज्या भाषेत 'मला' आणि 'माझ्यासाठी' ह्यांच्या पाट्या शाबूत आहेत तिथे हा विनोद होऊच शकत नाही. प्रेक्षक हसत होते ह्याचा अर्थ त्यांच्या कानाला दोन्ही 'मी' एक झाले होते.

आणखी एक परिणाम झाला, तो मला सगळ्यात रोचक वाटतो. मराठीत 'राजाला घोडा दिला गेला' असं म्हणतात. 'राजा घोडा दिला गेला' असं कुणी म्हणणार नाही. जुन्या इंग्रजीतही तसंच होतं, आणि जर्मनमध्ये आजही तसंच आहे. पण इंग्रजीत घेणाऱ्याच्या अंगावरची पाटी गेली, तो क्रियापदाच्या अगदी शेजारी येऊन बसला, आणि लोकांना तो साध्या कर्मासारखाच दिसू लागला. साधं कर्म कर्मणी प्रयोगात पुढे जाऊन बसतं, मग ह्यानं का बसू नये? चौदाव्या-पंधराव्या शतकापासून 'द किंग वॉज गिव्हन अ हॉर्स' अशी वाक्यं दिसू लागतात. एका ठिकाणी शेपूट तुटलं, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी नवं फीचर आलं. कुणी ठरवून केलं नाही.

*

आता मूळ प्रश्न. 'एक्स्प्लेन'नं काय पाप केलं?

१०६६ नंतर इंग्लंडच्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच होती, शिकलेल्यांच्या लिखाणात लॅटिन. कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीतून व्हावं असा कायदा थेट १३६२ साली झाला. ह्या काळात आणि पुढच्या दोन-तीन शतकांत फ्रेंच-लॅटिनमधून हजारो शब्द इंग्रजीत आले. ते सामान्य माणसाच्या चुलीपाशी नाही आले. ते आले पाद्र्यांच्या, वकिलांच्या, विद्वानांच्या लेखणीतून. 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट', 'डेमन्स्ट्रेट', 'कॉन्ट्रिब्यूट' ही सगळी त्या घराण्यातली. ही क्रियापदं माणसाला 'टु'शिवाय घेत नाहीत. बाहेरून इंपोर्ट केलेली लायब्ररी जशी आपला स्वतःचा इंटरफेस घेऊन येते, तसं.

उलट 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेंड', 'लेंड', 'टीच' ही सगळी जर्मानिक घराण्यातली, गावातलीच. त्यांना दोन कर्मं जोडून बसवायची वहिवाट आहे.

पण हा नियम नुसता कुळावरचा नाही. 'पे', 'ग्रँट', 'प्रॉमिस' हे शब्दही फ्रेंचकडूनच आले, तरी त्यांना दोन कर्मं चालतात. का? तर ते छोटे आहेत किंवा त्यांचा जोर पहिल्या अवयवावर आहे. म्हणजे कानाला ते गावातलेच वाटतात. 'एक्स्प्लेन'चा जोर दुसऱ्या अवयवावर, 'डिस्क्राइब'चा दुसऱ्यावर, 'डोनेट' अमेरिकन उच्चारात पहिल्यावर असला तरी लॅटिन वळण लपत नाही. 'असाइन', 'अलॉट' असे काही अपवाद आहेत, तिथे कुणाच्या तरी मालकीचं काहीतरी होण्याचा अर्थ ठळक आहे. ग्रोपेन, पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ह्यावर प्रयोग केले, बनावट क्रियापदं घेऊन. ज्या शब्दाचा इतिहास नाहीच, त्याचं कूळ कोण बघणार? तरी इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना छोट्या बनावट शब्दांना दोन कर्मं जास्त सहज चालली, लांबलचक शब्दांना कमी. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या जेते आणि जित ह्यांच्यातली रेघ आजच्या माणसाच्या कानात आहे, आणि त्याला स्वतःला तिचा पत्ता नाही.

इथे एक आठवण सांगतो. माझ्या एका जुन्या टीममध्ये मराठवाड्यातल्या एका छोट्या गावातून आलेला मुलगा होता. मराठी माध्यम, मग सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. डेटाबेसच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा कॉलवर त्यानं 'प्लीज एक्स्प्लेन मी द रिक्वायरमेंट' म्हटलं. पलीकडच्या परदेशी माणसानं नीट उत्तर दिलं, त्याला काही खटकलंसुद्धा नाही. खटकलं ते आमच्याच टेबलावरच्या दोघांना. म्यूटचं बटण दाबून ते हसले, आणि पुढचे काही दिवस चहाच्या वेळी 'एक्स्प्लेन मी'चा घोष चालला. तो मुलगा त्यानंतर कॉलवर बोलायचा कमी झाला. जे विचारायचं ते मेलवर विचारायचा, तेही दोनदा तपासून. पुढच्या अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' अशी नोंद आली.

हसणाऱ्या दोघांपैकी एकालाही विचारलं असतं की 'एक्स्प्लेन मी' का चूक, तर सांगता आलं नसतं. ते इंग्रजी शाळेत गेले होते एवढंच. त्यांनी नियम जाणला नव्हता, त्यांना तो कानावाटे मिळाला होता. आणि त्या मुलानं तर डोकं वापरलं होतं! 'टेल मी' चालतं, 'शो मी' चालतं, 'टीच मी' चालतं, अर्थ त्याच जातीचा, तर 'एक्स्प्लेन मी'ही चालावं. शुद्ध तर्क आहे. शिवाय मराठीत 'मला सांग' आणि 'मला समजाव' ह्यांत काही फरक नाही.

हाच तर्क इंग्रजांची पोरंही लावतात. इंग्रजी घरातली दोन-चार वर्षांची मुलं 'से' ह्या क्रियापदाला दोन कर्मं लावून बोलतात ह्याच्या नोंदी मेलिसा बाउरमन ह्यांनी आपल्या स्वतःच्या मुलींचं बोलणं ऐकून करून ठेवल्या आहेत. मग ती मुलं नंतर सुधारतात कशी? सी. एल. बेकर ह्यांनी १९७९ साली हाच प्रश्न मांडला. आईबाप मुलांशी बरोबर बोलतात, पण 'हे असं म्हणायचं नसतं' अशी यादी कुणी देत नाही. न ऐकलेलं वाक्य चूक आहे की नुसतंच अजून कानावर आलेलं नाही, हे मुलाला कळतं कसं? गेल्या चाळीसेक वर्षांत ह्या एका प्रश्नावर केवढं तरी लिहिलं गेलं. अडेल गोल्डबर्ग ह्यांनी २०१९ साली ह्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं, ओळखा पाहू... 'एक्स्प्लेन मी धिस'! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की त्याच अर्थासाठी आपण दुसरी रचना पुन्हापुन्हा ऐकतो, 'एक्स्प्लेन धिस टु मी', आणि त्या सवयीमुळे पहिली कानाला खटकू लागते. म्हणजे हा सवयीचा मामला आहे. अकलेचा नाही.

*

बरं, जिथे दोन्ही रचना चालतात तिथे तरी लोक निवड कशी करतात? 'गेव्ह द किंग द हॉर्स' की 'गेव्ह द हॉर्स टु द किंग'? जोन ब्रेस्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकन लोकांच्या फोनवरच्या संभाषणांतली २३६० वाक्यं घेतली आणि त्यावर एक संख्याशास्त्रीय मॉडेल बसवलं. घेणारा सजीव आहे का, त्याचा उल्लेख आधी झालाय का, तो सर्वनाम आहे का, दोन्हींतलं लांब कोण, असे साधे प्रश्न. एवढ्यावर मॉडेलनं सुमारे ९४ टक्के वेळा माणसाची निवड बरोबर ओळखली. ओळखीचं आणि छोटं आधी, नवं आणि लांबलचक नंतर, हा सगळ्याचा सारांश. बोलणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल मी सहज बोललो.

आणि खुद्द इंग्लंडातही एकमत आहे असं समजू नका. मँचेस्टर-लँकेशरकडे 'गिव्ह इट मी' असं आजही म्हणतात, वस्तू आधी आणि घेणारा नंतर, तेही 'टु' न लावता. शेक्सपिअरच्या काळी हे सर्रास होतं. पुस्तकी नियमानं ते चूक, पण तिथल्या आजीला हे सांगायला कोण जाणार?

नवीन क्रियापदांकडे बघा. 'ईमेल मी', 'टेक्स्ट मी', 'मेसेज मी द अ‍ॅड्रेस'. ही क्रियापदं आली आणि आल्या दिवसापासून दोन कर्मं घेऊन बसली. कुणी परवानगी मागितली नाही. संदेश पाठवायचं साधन म्हटलं की इंग्रजी त्याला पटकन 'सेंड'च्या पंगतीत बसवते. ह्याचा अर्थ हजार वर्षांपूर्वीची ती रचना म्हातारी झालेली नाही, अजून कामावर आहे.

मग आपली इंग्रजी? मुखर्जी आणि हॉफमन ह्या अभ्यासकांनी २००६ साली भारतीय इंग्रजीतली ही क्रियापदं तपासली. ब्रिटिशांना खटकतील अशा ठिकाणीही भारतीय लेखक दोन कर्मं वापरतात असं त्यांना दिसलं: 'गिफ्ट' करणं, 'इन्फॉर्म' करणं, 'प्रोव्हाइड' करणं वगैरे. 'ही गिफ्टेड हर अ वॉच' हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही वेगळं आहे हेच लक्षात येत नाही. त्यांनी ह्याला अडाण्यांच्या चुका म्हटलं नाही. 'गिव्ह'च्या साच्यात नवी क्रियापदं घालायची इंग्रजीचीच जुनी सवय भारतीय लोक पुढे चालवताहेत, असं त्यांनी मांडलं. 'गिफ्ट' हे क्रियापद म्हणून तर निदान सतराव्या शतकापासून ब्रिटनमध्ये आहे, आपण शोधलेलं नाही.

ह्याचा अर्थ उद्यापासून क्लायंटला बिनधास्त 'एक्स्प्लेन मी' लिहा, असं मी म्हणत नाही. लिहू नका. ट्रॅफिकचा नियम डावीकडून चालायचा असेल तर डावीकडूनच चालावं, उगाच तत्त्वासाठी समोरून येणाऱ्या ट्रकशी वाद घालू नये. ज्याला माहीत नाही त्याला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगावं, "अरे, एक्स्प्लेनला टु लागतं." दहा सेकंदांचं काम आहे.

पण डावीकडून चालणारा उजवीकडून चालणाऱ्यापेक्षा हुशार असतो असं कुणी मानत नाही. भाषेच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच मानतो. इंटरव्ह्यूच्या टेबलापलीकडे बसून समोरच्यानं 'टु' गाळला की त्याचं मोल दोन पायऱ्या खाली करतो. ज्या नियमावर आपण हा निकाल देतो तो कुणा शहाण्यानं बसून बनवलेला नाही. पुटपुटलेली शेपटं, गायीचा सौदा करणारे व्हायकिंग, आगीत सापडलेला एक मठ, आणि दरबारात फ्रेंच बोलणारे सरदार, ह्या सगळ्यांतून तो आपोआप साचला. त्या सरदारांच्या काळी तर खुद्द इंग्रजी ही गावंढळांची भाषा होती. जिला ती येई तिलाच कोर्टात तोंड उघडायची चोरी होती.

पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी 'एक्स्प्लेन मी' म्हणालं, तर हसू येण्याआधी एवढं आठवून बघा. आणि मग त्याला जे विचारायचंय ते नीट समजावून द्या. दोन्ही कर्मांसकट.